बंदुकांचा संग्रह आणि संग्राहकाची आवड



बंदुकांचा संग्रह पाहावयास गेलें, तर पाहणाराचें लक्ष प्रथम नक्षीकडे जातें. तथापि अशा संग्रहांतून बंदुकीचा इतिहास जितका कळतो, त्याहून अधिक कळते ती संग्राहकाची आवड. हा भेद न ओळखल्यास आपलें इतिहासाचें ज्ञान एकांगी राहतें.

प्रथम प्रकार पाहूं. तोडेदार बंदुकींत कानावरील रंजकेस जळता तोडा लागून बार उडे. पुढें गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी चकमकीची बंदूक आली; १९ व्या शतकांत आघातानें फुटणारी टोपी निघाली आणि अखेर मागून भरावयाचें काडतूस आलें. तोडेदार बंदुकांच्या नळ्या एका मापाच्या नसत. म्हणून गोळ्याहि ज्यानें त्यानें आपापल्या साच्यांत ओतून घ्याव्या लागत. कवायती फौजेला हें वैचित्र्य परवडत नाहीं. ऐन लढाईंत एकाची गोळी दुसऱ्याच्या नळींत बसली पाहिजे. महादजी शिंद्यांनीं डी बॉइनच्या हातून पलटणी उभारल्या, तेव्हां आग्र्यास बंदुका घडविण्याची व्यवस्थाहि केली. पलटणीस एकसारखेपणा हवा. संग्राहकास मात्र वैचित्र्यच हवें.

टिपू सुलतानाची आवड तर जगजाहीर आहे. श्रीरंगपट्टणास त्याच्यासाठीं घडविलेल्या बंदुकांवर वाघाचीं मुखें व अंगावरचे पट्टे आढळतात. १७९९ सालीं तो पडल्यावर त्यांतील कित्येक विलायतेस जाऊन तेथील संग्रहांचें भूषण झाल्या. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवि 'अज्ञातवासी', यांची दृष्टि निराळी. १९२० च्या सुमारास आरंभिलेल्या त्यांच्या संग्रहांत शस्त्रें आहेत, पण तीं अडकित्ते, दिवे व वाद्यें यांच्या पंक्तीस बसलेलीं. तेथें शस्त्र ही संसारांतील एक वस्तु ठरते. तो संग्रह त्यांनीं १९७५ सालीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला.

परंतु निकडीपोटीं बाळगलेली बंदूक संग्रहांत क्वचितच सांपडते. आमच्या पनवेलजवळील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८७९ सालीं रामोश्यांना घेऊन उठले. आदल्याच वर्षीं हत्यारांचा कायदा झाला होता. आवडीनिवडीस तेथें वाव कोठला? हातीं येईल तें हत्यार घ्यावयाचें. कोकणांतील शेतकरी रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं परवान्यानें ठासणीची बंदूक बाळगतो. तिच्यावर ना वाघ, ना वेलबुट्टी. निकामी झाल्यावर तिला काचेचें कपाट कोण देणार?

२०१९ च्या दुरुस्तीनें परवानाधारकास दोनच बंदुकांची मर्यादा घातली आहे. चालू बंदुकांच्या खासगी संग्रहास आतां वाव फारसा नाहीं. काय राखावयाचें, हें वस्तुसंग्रहालयांनींच ठरवावयाचें आहे. त्यांनीं नक्षीच्या बंदुकीशेजारीं एक साधी ठासणीची बंदूक ठेवावी, आणि ती कोणत्या गांवची व कशासाठीं होती, तें चिठीवर लिहावें. तें कपाट पाहणाऱ्या मुलास मग कळेल, कीं बंदूक बहुतेकांच्या घरांत शोभेकरितां आली नव्हती.