सेलू, सिंदी, हिंगणी

नागपूरहून वर्ध्याकडे निघालं की सेलडोह, केळझर आणि सेलू ही गावं ओळीनं लागतात. वर्धा जिल्ह्यातलं सेलू हे बोर नदीकाठचं तालुक्याचं गाव. याच नावाचं दुसरं मोठं गाव परभणी जिल्ह्यात आहे, म्हणून ‘कोणतं सेलू?’ हा प्रश्न इथल्या माणसाला बाहेरगावी नेहमीचा. रेल्वेनं तो आपल्या परीनं सोडवला. परभणीकडचं स्टेशन नुसतं ‘सेलू’ आणि वर्ध्याकडचं ‘सेलू रोड’. ‘रोड’ची शेपटी लागली की गाव स्टेशनापासून लांब, हे प्रवाशानं ओळखायचं.

पण सेलू म्हणजे काय? अमरकोशात ‘शेलु’ हा शब्द श्लेष्मातक वृक्षाचा पर्याय म्हणून येतो. श्लेष्मातक म्हणजे आपलं भोकर. फळातला चिकट गर पाहिला की संस्कृत नावातला ‘श्लेष्मा’ वेगळा समजवावा लागत नाही. मराठीत या झाडाला शेलू, शेलवट, शेलटी असंही म्हणत. आज लोणच्याच्या बरणीवर मात्र ‘भोकर’ हेच नाव उरलं आहे. गावाचं नाव याच झाडावरून पडलं असावं, असा माझा तर्क आहे. कर्जतजवळचं शेलू आणि वाशीमकडचं शेलूबाजारही त्याच कुळातली दिसतात. तसं असेल, तर नांदेडचं भोकर आणि वर्ध्याचं सेलू ही एकाच झाडाची दोन गावं ठरतात.

इथे एक अडचण येते. मराठीची प्रकृती इ-ए या स्वरांआधी ‘स’चा ‘श’ करण्याची. सिंदूरचा शेंदूर झाला, सीवनची शिवण झाली. मग मुळातच ‘श’ असलेल्या शेलूचं सेलू का व्हावं? आसपास पाहिलं तर हे एकटं गाव नाही. याच तालुक्यात सिंदी आहे, तान्ह्या पोळ्यासाठी नावाजलेली. शिंदी हे खजुराच्या जातीचं रानटी झाड, पण गाव मात्र सिंदी. गांधीजी १९३६ साली राहायला आले ते सेगावला. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली त्याचं सेवाग्राम झालं. म्हणजे ‘स’ आणि ‘श’ यांच्या सरमिसळीनं या जिल्ह्यात एका गावाचं नावच बदलायला लावलं. महाराष्ट्री प्राकृतात सगळे ‘श’ ‘स’ होते. हा त्या ‘स’चा अवशेष, की मराठीशेजारी हिंदी चालणाऱ्या मध्यप्रांताच्या कचेऱ्यांतल्या लेखणीचा संस्कार? मला दुसरं कारण जवळचं वाटतं.

झाडांची ही यादी इथेच थांबत नाही. नदीचं नाव बोर. बोर धरणाच्या वाटेवरचं हिंगणी हे हिंगण या काटेरी झाडाचं गाव वाटतं. केळझरच्या नावात केळ ऐकू येते. बोर धरणाभोवतीचं जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प. तेव्हा १३८ चौरस किलोमीटरच्या आसपासचा हा प्रकल्प देशातला सर्वांत लहान म्हणून ओळखला गेला.

लोकांची व्युत्पत्ती मात्र झाडापाशी थांबत नाही. केळझरला ती महाभारतात नेते. हीच एकचक्रानगरी, इथेच भीमानं बकासुराला मारलं, असं सांगतात. विदर्भाच्या अष्टविनायकांतला इथला गणपतीही त्याच कथेला जोडला जातो. सेलूजवळच्या घोराड गावाची ओळख तर संत केजाजी महाराजांच्या नावानं आहे. तिथे जाणाऱ्या वारकऱ्याला ‘घोराड’चा अर्थ विचारायची गरज पडत नाही.

झाडावरून नाव ओळखण्यात धोकाही आहेच. जालन्याचं भोकरदन ऐकायला भोकराचं वाटतं, पण ते निघालं प्राचीन ‘भोगवर्धन’मधून. सांचीच्या लेखांत ते नाव सापडतं, म्हणून आपण फसत नाही. सेलूच्या पाठीशी असा लेख मला माहीत नाही. आहे तो शेजारचा पुरावा. सिंदी, हिंगणी, बोर ही सगळी रानातलीच नावं. अशा शेजारात सेलूनं तेवढं दुसरीकडून नाव आणलं असेल, हे मला पटत नाही.