न बांधलेल्या मजल्यांचा हिशेब

न्यूयॉर्कचे ग्रँड सेंट्रल टर्मिनल लोकचळवळीने वाचवले, असे सांगितले जाते. जॅकलीन केनेडी ओनासिस यांचा त्यातला वाटा खराच. पण अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे 26 जून 1978 चे निकालपत्र बारकाईने वाचले, तर आणखी एक गोष्ट हाती लागते.

1913 साली सुरू झालेले हे स्थानक शहराच्या वारसा आयोगाने 2 ऑगस्ट 1967 रोजी संरक्षित ठरवले. तरीही 22 जानेवारी 1968 रोजी मालक रेल्वे कंपनीने स्थानकावर कार्यालयांची इमारत उभारण्यासाठी पन्नास वर्षांचा भाडेकरार केला. बांधकाम चालू असेपर्यंत वर्षाला 10 लाख डॉलर, पुढे किमान 30 लाख. वास्तुकार मार्सेल ब्रॉयर यांच्या एका आराखड्यात जुन्या इमारतीच्या डोक्यावर 55 मजले होते; दुसऱ्यात 42व्या रस्त्याकडचा दर्शनी भागच पाडायचा होता. आयोगाने चार दिवस सुनावणी घेतली, ऐंशीहून अधिक साक्षी ऐकल्या आणि दोन्ही आराखडे फेटाळले.

मोबदला न देता मालमत्ता काढून घेतली, अशी कंपनीची तक्रार. ती निराधार नव्हती: मूळ रचनेतच वर वीस मजली इमारत योजलेली होती आणि तिचा भार पेलणारे खांबही होते.

न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या 6 विरुद्ध 3 मतांच्या निकालाने ती अमान्य केली. स्थानक पूर्वीसारखे चालवून कमाई करता येत होती. आयोगाने हे दोन मनोरे नाकारले होते; लहान बांधकामाचा अर्ज कंपनीने केलाच नव्हता. शिवाय न वापरलेले चटईक्षेत्र परिसरातल्या किमान आठ भूखंडांवर नेता येत होते. एवढ्याने पुरेशी भरपाई होते का, हा प्रश्न मात्र न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी आपल्या विरोधी मतात उभा केला.

म्हणजे कायद्याने बांधकामाचा हक्क बुडवला नाही, जागेपासून सुटा केला. मुंबईच्या 1995 च्या वारसा नियमावलीतली टीडीआरची, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कांची, तरतूद याच जातीची.

स्थानकाचा जीर्णोद्धार 1998 मध्ये पूर्ण झाला. 2018 मध्ये जेपी मॉर्गन बँकेने 270 पार्क ॲव्हेन्यूवरच्या आपल्या नव्या मुख्यालयासाठी याच स्थानकाचे चटईक्षेत्र विकत घ्यायचा करार केला. स्थानकावर न चढलेले मजले असे काही चौक पलीकडे चढले.