आपला इतिहास, आपलाच कॅमेरा

१ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला जाणाऱ्यांवर हल्ला झाला आणि वाहिन्या विचारू लागल्या, 'हे भीमा कोरेगाव काय आहे?' आम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या विजयस्तंभाला अभिवादन केलं. आपली माणसं तिथे जातात ती त्याच वाटेने. सोमनाथ वाघमारे या तरुण दिग्दर्शकाने ही परंपरा हल्ल्याआधीच, २०१७ मध्ये, माहितीपटात नोंदवली होती. थिएटरची वाट न पाहता तो यूट्यूबवरून लोकांपर्यंत गेला. पुढे त्यांनी 'चैत्यभूमी' केला.

आता आपल्या शहराचं काय? २७ जुलै १९७८ चा ठराव ते १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, या काळात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, ज्यांची घरं जळाली, ते आज म्हातारे झालेत. आम्ही दरवर्षी विद्यापीठ गेटवर त्यांच्यासोबत सेल्फी काढतो, पण त्यांना बोलतं करत नाही.

मित्रांनो, मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. येत्या १४ जानेवारीला एका आजीसमोर तासभर बसा. गाव विचारा, साल विचारा, रेकॉर्ड करा. आपण नोंदवलं नाही, तर दुसरे आपला इतिहास त्यांच्या सोयीने लिहितील.

जयभीम!