मांडवीहून मॅट्रिकला

१९७८ च्या मार्चमध्ये दहावीच्या पहिल्या पेपरला निघालो, तेव्हा आजीने हातावर दही-साखर ठेवून विचारलं, "वाटेत पाणी लागतं का रे?" परीक्षा केंद्र सायकलने दहा मिनिटांवर. सोलापुरात पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं तळं! वर्गात हे सांगितल्यावर तुम्ही सगळे किती हसला होतात, आठवतंय?

त्या प्रश्नाचा उलगडा मला निवृत्तीनंतर झाला. आम्ही मूळचे कच्छ-मांडवीचे. आमच्या कुळाची वंशावळ ठेवणाऱ्या बारोटांच्या वहीत पणजोबांच्या थोरल्या भावाच्या नावापुढे एवढीच नोंद सापडली : संवत १९४५, कार्तिक सुद पाचम, वीजळी.

म्हणजे गुरुवार, ८ नोव्हेंबर १८८८. 'वैतरणा' ही आगबोट त्या दिवशी मांडवीहून मुंबईला निघाली. नाव आपल्या वैतरणा नदीचं; पण बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. द्वारकेला उतारू घेतले. पोरबंदरला समुद्र इतका खवळला होता की थांबता आलं नाही. पुढे वादळात बोट नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसं गेली; ना कोणी वाचलं, ना बोटीचे अवशेष मिळाले. बोटीवर जीवरक्षक होड्या आणि जाकिटं अपुरी होती, हे नंतरच्या चौकशीत पुढे आलं. आपल्याकडे १९४७ ची 'रामदास' बोट, तशी सौराष्ट्रात 'वीजळी' अजून लोकगीतांतून गायली जाते.

उतारूंमध्ये लग्नाची वऱ्हाडं होती, तसेच मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसायला निघालेले विद्यार्थीही होते. आमच्या घरातला मुलगा त्यांतलाच, असं आजीने तिच्या सासूकडून ऐकलं होतं.

त्या आईने मग धाकट्याला, म्हणजे माझ्या पणजोबांना, शाळेतूनच काढलं. मोठेपणी ते जमिनीच्या वाटेने, मोठा वळसा घेऊन सोलापूरला आले. १८७७ साली मोरारजी गोकुळदासांची जुनी गिरणी सुरू झाल्यापासून इथे सुताच्या धंद्याला बरकत होती. त्यांनी दुकान थाटलं. पण दिवाळीनंतर इतर गुजराती दुकानं लाभपंचमीला उघडत, तेव्हा आमचं बंद असे. कारण कोणी सांगत नसे. पंचमीची ती तारीख वहीत वाचली, तेव्हा कारण कळलं.

आजोबा सातवीपर्यंत शिकले, वडील नववीपर्यंत. बोर्डाच्या परीक्षेला बसलेला घरातला पहिला मुलगा मी. वडील मला दुकानात बसवणार होते. आपल्या वर्गशिक्षकांनी घरी येऊन त्यांची समजूत घातली. नव्वद वर्षांचा खंड त्या एका संध्याकाळी संपला, हे सरांनाही ठाऊक नव्हतं.

सर आज नाहीत. पण मित्रांनो, आजीच्या त्या प्रश्नाला आता हसू नका.