नेकचंद यांची प्रजा : एका छंदाचा इतिहास

चंदीगडच्या वायव्येस, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या मुल्लानपूरला आता लोक ‘न्यू चंदीगड’ म्हणू लागले आहेत. शेतांच्या जागी भूखंड आले, पायवाटांच्या जागी रुंद रस्ते, आणि नव्या बांधकामांच्या कडेला जुन्या घरांच्या विटा, फुटकी कौले, मोडकी भांडी यांचे ढीग. नवे शहर वसते तेव्हा जुने गाव असेच ढिगाच्या रूपाने काही काळ उरते आणि मग दिसेनासे होते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी येथून काही किलोमीटरवर, खुद्द चंदीगड उभे राहत असताना, अगदी हेच घडले होते. त्या वेळच्या ढिगांचे काय झाले, हे मात्र आजही डोळ्यांनी पाहता येते. एका माणसाने ते उचलून नेले आणि त्यांतून माणसे घडवली.

नेकचंद सैनी यांचा जन्म १५ डिसेंबर १९२४ रोजी शकरगढ तालुक्यातील बेरियां कलां या खेड्यात झाला. तालुका त्या वेळी गुरुदासपूर जिल्ह्यात होता. १९४७ च्या फाळणीत त्या जिल्ह्याचा मोठा भाग भारतात राहिला, शकरगढ मात्र पाकिस्तानात गेले. शेतकरी कुटुंब घरदार सोडून अलीकडे आले. पंजाबने लाहोरही गमावले होते, म्हणून राज्याला नव्या राजधानीची गरज पडली. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते चंदीगडचे उद्घाटन झाले. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार चौकोनी सेक्टर आखले जात होते आणि त्या जागेवरील गावे उठवली जात होती. नेकचंद यांना याच शहराच्या बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षकाची नोकरी मिळाली. ज्याचे स्वतःचे गाव सीमारेषेने हिरावले, त्याच्या वाट्याला दुसऱ्यांच्या गावांवरून जाणाऱ्या रस्त्यांची देखरेख आली. या योगायोगाकडे चरित्रकार फारसे थांबत नाहीत, पण पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ येथेच असावे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दगड गोळा करण्यास आरंभ केला. नोकरीचे तास संपले की सायकल काढायची आणि शिवालिकच्या पायथ्याचे ओढे पालथे घालायचे. सुखना, घग्गर आणि पटियाला की राव यांच्या पात्रांत पाण्याने घासून निघालेले दगड मिळत. कुणाचा आकार पक्ष्यासारखा, कुणाचा बसलेल्या माणसासारखा. पावसाळा सोडला तर कोरडी असणारी ही पात्रे मुल्लानपूरच्या परिसराला अपरिचित नाहीत. दगडांबरोबर उठवलेल्या गावांतले सामानही येऊ लागले : फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, सायकलींचे सांगाडे, भट्टीतली मळी, विजेचे निकामी साहित्य. हे सारे साठवण्यासाठी त्यांनी सुखना तलावाजवळच्या जंगलातील एक घळ निवडली. राखीव वनपट्टा होता तो. तेथे कोणतेही बांधकाम करण्यास मनाई होती, आणि सरकारी नोकराला तर विशेषच. झाडी तोडून त्यांनी एक झोपडी उभारली. संध्याकाळी काम सुरू होई आणि अंधार पडल्यावर जुने टायर जाळून त्या उजेडात ते चाले. जवळपास पंधरा वर्षे शहराला याचा पत्ता नव्हता.

या कामाची जात समजून घ्यायची तर मराठी वाचकाला दूर जावे लागणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला केलेल्या प्रत्येकाला ती अर्धी ठाऊक आहे. विटांचे तुकडे रचायचे, त्यांवर भिजवलेले गोणपाट टाकायचे, चिखलाने लिंपायचे, हळीव किंवा मोहरी पेरायची; मग कुंभाराकडची चित्रे आणून मांडायची. ही चित्रे दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून होतात. दोन्ही अर्धे जोडून सांध्यावर ओले बोट फिरवतात, सावलीत वाळवतात, पांढरा हात देतात आणि मग रंग : आधी अंगाचा, मग अंगरख्याचा, पागोट्याचा, आणि हात स्थिर असेल तरच शेवटी डोळे व मिशा. डोळा चुकला की शूर मावळा भेदरलेला दिसतो. पाठीमागची बाजू बहुधा कोरीच राहते, कारण ती कोण पाहणार? प्रमाणाचाही फार आग्रह नसतो. गुहेतला वाघ बुरुजापेक्षा मोठा असतो आणि पायथ्याशी भाजीवालीशेजारी एखादा क्रिकेटपटूही खुशाल उभा राहतो. युरोपात याच हौसेला शिशाचे आणि कथलाचे सैनिक मिळाले. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची युक्ती काढली, सैनिक हलके व स्वस्त झाले, आणि ते रंगवणे व मांडणे हा मोठ्या माणसांचाही छंद बनला. पंजाबातही मातीची हटडी दिवाळीला घरी येते, आणि नवरात्रात मुली मातीच्या चांदण्यांनी भिंतीवर सांझी मांडतात. हे सारे काही दिवसांचे वैभव. सण संपला की किल्ला मोडतो, सांझी पाण्यात जाते.

नेकचंद यांच्याकडे साचा नव्हता आणि रंगही नव्हता. आकृतीचा कणा म्हणून ते लोखंडी सळई किंवा सायकलीचा भाग घेत. वाकवलेल्या दांड्यातून प्राण्याचे शरीर निघे, दोन सळयांतून माणसाचे पाय. या सांगाड्यावर चिंध्या आणि सिमेंटची रिकामी पोती गुंडाळून शरीराला भरीवपणा आणला जाई, वर वाळू-सिमेंटचा थर चढे. शेवटचा हात शुद्ध सिमेंटचा. तो ओला असतानाच त्यात बांगड्यांचे, चिनी मातीचे, काचेचे तुकडे बसवायचे. म्हणजे येथे रंगवणे आणि घडवणे ही दोन कामे वेगळी नाहीत. हिरव्या बांगड्यांची ओळ बसली की तोच घागरा. पांढऱ्या कपाचा तुकडा बसला की तोच सदरा. किल्ल्यावरच्या मावळ्याचा रंग दुसऱ्या वर्षी उडतो आणि नवा देता येतो. येथे मात्र सिमेंट घट्ट होण्याआधी निर्णय व्हावा लागे, आणि घट्ट झाल्यावर तो बदलता येत नसे. चेहरे मुद्दाम साधे ठेवलेले. दोन डोळे, नाकाची एक रेघ. एकेक आकृती पाहिली तर ओबडधोबड वाटते. पण त्या एकेकट्या कधी उभ्याच नाहीत. पाणी आणणाऱ्या बायकांची रांग, नर्तकींचा ताफा, माकडांची टोळी, उतरणीवर दाटीने उभा राहिलेला जमाव, आणि सगळे समोर पाहणाऱ्याकडेच टक लावून पाहत आहेत. लहानपणी आईने सांगितलेल्या राजाराण्यांच्या गोष्टींतील राज्य उभे करावे ही त्यांची कल्पना होती. राजवाडा, दरबार, अरुंद दरवाजे, आणि शेवटी ही प्रजा.

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात सरकारी माणसे या घळीपर्यंत पोहोचली. तोवर काही एकरांचा परिसर भरून गेला होता. कायद्याने पाहिले तर तो सरळ अतिक्रमणाचा गुन्हा. शिवाय चंदीगडसाठी ल कॉर्बुझिए यांनी जी आज्ञापत्रिका लिहिली, तिच्यात शहरात कोणाही व्यक्तीचा पुतळा उभारू नये असे स्पष्ट कलम आहे. पुतळ्यांना मज्जाव असलेल्या त्या शहराच्या सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालयाच्या शेजारीच हजारो निनावी आकृत्या निघाल्या! कलमाचा भंग झाला असे मात्र म्हणता येणार नाही. यांत नेता नाही, संत नाही, दाता नाही; पाटी लावावी असे एकही नाव नाही. शहराचे पहिले भारतीय मुख्य वास्तुरचनाकार एम. एन. शर्मा यांनी हे काम पाहिले आणि त्याचे मोल ओळखले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, लोकांची रीघ लागली, आणि पाडण्याऐवजी जपण्याचा निर्णय झाला. १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ जनतेसाठी खुले झाले. नेकचंद यांना रस्त्यांच्या कामातून मोकळे करून याच कामावर पगारी नेमले गेले, हाताखाली मजूर दिले, आणि शहरभर टाकाऊ वस्तू गोळा करण्याची केंद्रे उघडली. १९८४ मध्ये पद्मश्री आली. अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या मुलांच्या संग्रहालयासाठीही त्यांनी आकृत्यांची बाग केली.

शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा विषय वर्षानुवर्षे दिला जातो आणि आईवडील आदल्या रात्री आइस्क्रीमच्या काड्या शोधत बसतात, हे माजी विद्यार्थ्यांना सांगायला नको. त्या तासाला नेकचंद यांचे उदाहरण हमखास निघते, आणि बहुधा चुकीच्या अंगाने निघते. टाकाऊ वस्तू तर सर्वांनाच मिळत होत्या. त्यांना मिळाली ती कुणीही न विचारलेली पंधरा वर्षे. गुण नाहीत, स्पर्धा नाही, पूर्ण करण्याची तारीख नाही, पाहणाराही नाही. आज सुमारे ४० एकरांवर पसरलेल्या या बागेचा पुढे वाढलेला भाग भव्य आहे. धबधबे, पूल, कमानी, रांगेने टांगलेले झोपाळे. सुट्टीच्या दिवशी गर्दी तेथेच होते. पण सरकारी पैसा आणि मजूर आल्यानंतरच्या त्या भव्यतेपेक्षा टायरच्या उजेडात घडलेली आधीची प्रजा अधिक जिवंत आहे, असे दोन्ही भाग सावकाश पाहणाऱ्यास वाटल्याशिवाय राहत नाही. मजुरांच्या हातात कसब कमी होते असे नाही. तेथे नकाशा आधी होता आणि बांगडी नंतर आली. आधीच्या काळात बांगडी सापडे आणि तिच्यावरून बाई कशी असावी हे ठरे.

राजमान्यता मिळाल्यावरही संकटे थांबली नाहीत. १९९० च्या सुमारास रस्त्यासाठी बागेचा भाग पाडण्यास बुलडोझर आले, तेव्हा नागरिक मुलाबाळांसह हातात हात घालून आडवे उभे राहिले आणि यंत्रे परतली. १९९६ मध्ये नेकचंद परदेशी गेले असता अनेक आकृत्यांची मोडतोड झाली. सिमेंटची माणसे फोडायला फार वेळ लागत नाही. पुन्हा जोडायला मात्र तोच तुकडा, तोच रंग हवा, आणि काचेच्या बांगड्या दर दशकाला बदलतात. दुरुस्तीच्या कामाला पुढे देशोदेशींचे स्वयंसेवक येऊ लागले. ते येथे राहून सिमेंट कालवतात, तुकडे निवडतात, बसवतात.

१२ जून २०१५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, नेकचंद यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, शेजारच्या उच्च न्यायालयाच्या वाहनतळासाठी आणि रस्तारुंदीसाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. नागरिक या वेळीही जमले. भिंत वाचली नाही.