उत्तर

‘उत्तर’ हा ‘उद्’ला ‘तर’ जोडून झालेला शब्द. मूळ अर्थ ‘अधिक वरचा’. हिमालयाची उंचावरची बाजू ती उत्तर. ‘नंतरचा’ हा अर्थ उत्तररात्र, उत्तरार्ध यांत टिकला. प्रश्नामागून येतो म्हणून जवाबही उत्तरच. पूर्वेला तोंड केले की ही दिशा डावीकडे येते, म्हणून संस्कृतात ‘डावा’ असाही अर्थ आहे. उजवी ती दक्षिण; तिचेच पुढे दख्खन झाले.

तेलविहिरी तिरप्या खोदणाऱ्यांना मात्र या एका दिशेच्या तीन मानाव्या लागतात. खरी उत्तर भौगोलिक ध्रुवाकडची. चुंबकीय उत्तर होकायंत्राची, वर्षागणिक सरकणारी, त्यामुळे सर्वांत बेभरवशाची. तिसरी नकाशाच्या जाळीतली, ग्रिड उत्तर. गोलावरचे रेखांश ध्रुवाकडे एकवटत जातात, सपाट नकाशाच्या जाळीतल्या उभ्या रेषा समांतरच राहतात. जाळीचा मध्यरेखांश सोडला की दोहोंत कोन पडतो. मुंबई हाय तेलक्षेत्राच्या परिसरात, यूटीएम या नकाशा-प्रक्षेपाच्या ४२व्या पट्ट्यात, तो सुमारे पाऊण अंश भरतो. आणि दिशेतली एका अंशाची चूक ३ किलोमीटर आडव्या गेलेल्या विहिरीचे टोक सुमारे ५२ मीटर हलवते.

विहीर-सर्वेक्षणाच्या नोंदीत म्हणून आज नुसती ‘उत्तर’ चालत नाही. ‘ट्रू’, ‘मॅग्नेटिक’ की ‘ग्रिड’, हे सोबत लिहावेच लागते.