पंढरीच्या वाळवंटांतील वऱ्हाडी वाटसरू

अकोल्याचें जुनें शहर मोर्णेच्या पश्चिम तीरावर, असदगडाच्या आश्रयानें वसलेलें आहे. राजराजेश्वर हें त्याचें ग्रामदैवत. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारीं गांधीग्रामाहून पूर्णेचें पाणी कावडींतून आणून येथील पिंडीवर घालतात, आणि तो सोहळा पाहण्यास सारें शहर लोटतें. पण घरचा देव कितीहि जागृत असला तरी वऱ्हाडी माणसाच्या मनाची ओढ पंढरीकडे. शेगांवची पालखी अकोल्यास मुक्काम करून पातूरच्या वाटेस लागते, तेव्हां महिनाभराहून अधिक दिवस पायीं चालण्याच्या तयारीनें माणसें तिच्याबरोबर निघतात. पायांत तितकें बळ नसे त्यांनीं मनमाड, दौंड असा वळसा घेऊन कुर्डुवाडी गांठावी आणि तेथून बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीनें पंढरपुरास उतरावें, ही सोय 1906 सालीं झाली.

इतक्या सायासानें गांठलेली पंढरी त्या काळीं दृष्टीस कशी पडे? आषाढी-कार्तिकीस गांवाच्या वस्तीच्या कितीतरी पट माणूस तेथें जमे. वाळवंट हेंच त्याचें अंथरूण, तेंच स्वयंपाकघर आणि, स्पष्ट बोलायचें तर, तोच शौचकूप. ज्या चंद्रभागेंत पापें धुवायचीं, तिचेंच पाणी प्यायचें. पटकीची सांथ यात्रेबरोबर येई आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गांवोगांव पोंचे. राउळांत बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क. तेव्हां देवाच्या पायांवर डोकें टेकण्यापूर्वीं कनवटीला हात घालावा लागे. भोळा वारकरी हें सारें सोसून घरीं परते आणि घरीं मात्र पंढरीचें सुखच तेवढें सांगे. निराशा कबूल करणें म्हणजे देवाला उणें बोलणें, ही त्याची समजूत होती.

परंतु ज्यांना दारच बंद होतें त्यांची गोष्ट निराळी. चोखामेळ्याचा जन्म परंपरेनें मेहुणाराजा येथील, म्हणजे वऱ्हाडांतलाच मानतात. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळून तो गेला, आणि नामदेवांनीं त्याच्या अस्थी आणून महाद्वारासमोर त्याची समाधि केली, अशी कथा आहे. त्या समाधीपाशीं त्याच्या जातीच्या माणसांनीं थांबावें, पुढें पाऊल घालूं नये, असा दंडक पुढें शतकानुशतकें चालला. ज्याचे अभंग देवळाच्या मंडपांत गाइले जात, त्याच्या भाईबंदांना तो मंडप वर्ज्य! रात्रीं पाठ टेकण्यासाठीं त्यांना धर्मशाळाहि नव्हती. पाऊस आला तर तो अंगावर घ्यायचा.

या वाळवंटावर विसाव्या शतकाच्या आरंभीं एक विलक्षण वाटसरू दिसूं लागला. अंगावर चिंध्या, एका कानांत कवडी, दुसऱ्यांत बांगडीची कांच, हातांत खराटा आणि एक फुटकें मडकें. तेंच जेवणाचें पात्र, तेंच पाणी पिण्याचें. याहून थोडें सामान घेऊन कोणी प्रवास केला असेल असें वाटत नाहीं. हे देबूजी झिंगराजी जानोरकर, पुढें महाराष्ट्रानें गाडगेबाबा म्हणून ओळखलेले. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं, परिटाच्या घरीं. बाप दारूपायीं लवकर गेला. बाळपण अकोल्याच्याच मूर्तिजापूर तालुक्यांत, दापुरे येथें मामाच्या घरीं, गुरें राखण्यांत आणि शेतींत गेलें. सावकारानें मामाची जमीन गिळली तेंहि त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. 1 फेब्रुवारी 1905 रोजीं ते घर सोडून निघाले.

पंढरीस ते वारीला येत, पण देवदर्शनास राउळांत जात नसत, असें त्यांचे चरित्रकार नमूद करतात. दिवसा वाळवंट झाडायचें आणि रात्रीं त्याच वाळवंटांत कीर्तन करायचें. कीर्तनांत ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत: देवाला आंघोळ कोण घालतो, नैवेद्याची राखण कोण करतो, वस्त्र कोण नेसवतो? श्रोते उत्तर देत, आणि आपल्याच उत्तरानें चपापत. शास्त्र्यांनीं हें बोलावें तर पाखंड ठरावें. अक्षरशत्रु माणसाच्या वऱ्हाडी बोलींत तें हंसत हंसत गळीं उतरे.

पण बाबांची थोरवी या प्रश्नांत नाहीं. पंढरीचा ओंगळपणा आणि तिचा अन्याय पाहून पुष्कळ सुशिक्षितांनीं तिच्याकडे पाठ फिरविली. बाबांनीं वर्गणी गोळा केली. 1920 च्या सुमारास पंढरपुरांत चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. मंदिर ज्यांना नाकारीत होतें त्यांना निदान छप्पर मिळालें, आणि तें छप्पर ज्याच्या नांवाचें होतें तो संत अजून पायरीशींच थांबलेला होता. नाशिक, आळंदी, देहू येथेंहि पुढें धर्मशाळा झाल्या. स्वतः बाबा मात्र त्यांत राहात नसत. बाहेर झोंपडींत किंवा झाडाखालीं त्यांची पथारी पडे.

मंदिराचें दार उघडण्यास आणखी पुष्कळ वर्षें लागलीं. त्यासाठीं साने गुरुजींना 1 मे 1947 पासून पंढरपुरांत उपोषण मांडावें लागलें. तें दहाव्या दिवशीं सुटलें. बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क 1973 च्या कायद्यानें रद्द झाले, पण कज्जा सर्वोच्च न्यायालयांत संपायला 2014 साल उजाडलें. इतक्या चिवट वतनापुढें एका खराट्याची मातब्बरी ती काय, असें कोणासहि वाटेल.

चोखामेळा धर्मशाळा बाबांनीं 1949 सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्यांच्यासाठीं ती बांधली, त्यांच्या मुलांच्या शिक्षणास ती लागावी हा हेतु. डॉ. आंबेडकर 6 डिसेंबर 1956 रोजीं निवर्तले. त्यानंतर चौदा दिवसांनीं, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगांवानजीक प्रवासांतच गाडगेबाबांनीं देह ठेवला.